तीन पत्तीचे त्रैराशिक

कला शाखेच्या विद्यार्थ्याने गणितावर लेख लिहावा, हे ऐकून आमच्या वर्गातील काही मित्रांना हसू आले. त्यांचे हसणे रास्तच आहे. दहावीच्या परीक्षेत गणिताच्या पेपराने माझी जी त्रेधा उडवली, तिची आठवण ठेवूनच मी अकरावीला कला शाखेचा अर्ज भरला होता. पण टाळलेला विषय माणसाला कुठे गाठील, ते सांगता येत नाही. मला तो २०२३ सालच्या पोळ्याच्या रात्री, काटोलजवळच्या एका खेड्यात, आजोळच्या ओसरीवर पत्त्यांच्या रूपाने भेटला.

आपल्या विदर्भात पोळ्याचे आणि पत्त्यांचे नाते नव्याने सांगायला नको. पोळा फुटला, बैल घरोघरी ओवाळून झाले, पुरणपोळीचे जेवण झाले, की सतरंजी पडते. त्या रात्री आम्ही सहा जण तीन पत्ती खेळायला बसलो होतो. माझ्या खिशात परीक्षेच्या अर्जाचे पैसे होते. ते तिथे असायला नको होते, हे आता सांगून काय उपयोग?

शेवटच्या डावात मी पाने उचलली तर दोन राजे! एकेक करून चौघांनी पाने टाकली. उरलो मी आणि धाकटे मामा. मध्ये १२० रुपये पडले होते. मामांनी पाने पाहून २० रुपयांची चाल दिली. मी राजांच्या जोरावर ४० टाकले. मामांनी ४० टाकले. मी पुन्हा ४०, मामा पुन्हा ४०. असे तीनदा झाल्यावर मी चाळीस देऊन शो मागितला. मामांनी चौकटची तीन पाने शांतपणे सतरंजीवर मांडली. कलर! माझे राजे गेले आणि त्यांच्याबरोबर परीक्षेच्या अर्जाचे उरलेसुरले पैसेही गेले.

मामा एका जिनिंगमध्ये हिशेब लिहीत असत. पैसे गोळा करताना ते एवढेच म्हणाले, "राजे तू पाह्यले, भाच्या. मी चार चाली काहून लावल्या, थे पाह्यलं काय?"

अर्जाचे पैसे पुढे आईने आपल्या डब्यातून काढून दिले, एक शब्दही न बोलता. तो न बोललेला शब्द मला फार दिवस ऐकू येत होता. त्याच दिवसांत मी वही घेऊन तीन पत्तीचा हिशेब मांडायला बसलो. तो हिशेब पुढे देतो आहे. त्यात त्रैराशिकापलीकडचे काही नाही, तेव्हा माझ्या वर्गबंधूंनी घाबरून पान उलटू नये.

किती डाव होऊ शकतात?

पहिले पान ५२ तऱ्हांनी येऊ शकते, दुसरे ५१ आणि तिसरे ५० तऱ्हांनी. गुणाकार १,३२,६००. पण तीच तीन पाने कोणत्या क्रमाने हाती आली याला महत्त्व नाही, आणि तीन पानांचे सहा क्रम होतात. म्हणून सहाने भागायचे. उत्तर २२,१००. तीन पत्तीचे सारे विश्व एवढेच. त्याची वाटणी अशी आहे :

तीन सारखी पाने, म्हणजे ट्रेल : ५२ (०.२४ टक्के)
प्युअर सिक्वेन्स : ४८ (०.२२ टक्के)
साधा सिक्वेन्स : ७२० (३.२६ टक्के)
कलर : १,०९६ (४.९६ टक्के)
जोडी : ३,७४४ (१६.९४ टक्के)
यांपैकी काहीच नाही : १६,४४० (७४.३९ टक्के)

या यादीत एक गंमत आहे. खेळात ट्रेल सर्वांत वरचा मानतात, पण सर्वांत दुर्मिळ आहे तो प्युअर सिक्वेन्स. कारण साधे आहे. एक्का-दोन-तीनपासून राणी-राजा-एक्क्यापर्यंत बारा क्रम, गुणिले चार रंग, म्हणजे ४८. आणि तेरा प्रकारच्या पानांचे प्रत्येकी चार ट्रेल, म्हणजे ५२. खेळाच्या नियमांनी गणिताचा मान ठेवलेला नाही! पण मोठा बोध शेवटच्या ओळीत आहे. चार वेळा पाने उचलली तर साधारणपणे तीन वेळा हाती काहीच लागत नाही. अगदी मधला हात काढायचा तर तो राजा वर असलेला, जोडी नसलेला असा निघतो. म्हणजे नुसता एक्का आला तरी तुमचे पान निम्म्याहून अधिक हातांपेक्षा मोठे असते. नवख्या खेळाडूला वाटते की समोरच्याकडे नेहमी काहीतरी मोठे असणार, किंवा आपल्याला आता मोठे पान येणारच. दोन्ही समजुती या आकड्यांपुढे टिकत नाहीत.

आता माझे राजे. एकूण हातांपैकी माझ्यावर मात करणारे किती? जोडीच्या वरचे १,९१६ आणि एक्क्यांच्या जोडीचे २८८, मिळून २,२०४. राजांच्या जोडीचेच २८८ बरोबरीचे धरले, तर खाली १९,६०८ उरतात, म्हणजे शेकडा ८९. (माझी तीन पाने गड्डीतून गेल्यामुळे आकडे थोडे हलतात, पण मुद्दा बदलत नाही.) तेव्हा एका अनोळखी हाताविरुद्ध राजे जिंकण्याची शक्यता ८९ टक्के. पाच जणांविरुद्ध मात्र ०.८९ हा आकडा पाच वेळा गुणावा लागतो आणि उत्तर येते सुमारे ५५ टक्के. तेच राजे, पण बसणारे वाढले की त्यांचे वजन उतरते.

शोची किंमत

पण किती टक्के शक्यता आहे, एवढे कळून भागत नाही. त्या शक्यतेसाठी किती पैसे मोजावे लागतात, हा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे. बाजारात संत्री चांगली आहेत की नाहीत एवढेच आपण पाहत नाही, भाव विचारतो. पत्त्यांतला भाव असा काढायचा : मला जे द्यावे लागणार ते वर, आणि मध्ये पडलेले अधिक मी देणार ते खाली. मध्ये ६० रुपये आहेत आणि शोला २० लागतात. तर २० भागिले ८०, म्हणजे २५ टक्के. जिंकण्याची शक्यता पंचवीस टक्क्यांहून अधिक वाटत असेल तर शो मागणे फायद्याचे, कमी असेल तर पाने टाकणे शहाणपणाचे. पैकी तीन वेळा हरून चौथ्यांदा जिंकलात, तरी साठ गेले आणि साठ आले, हिशेब चुकता.

पाश्चात्त्य पोकरमध्ये तर पानोपानी हाच हिशेब करतात. टेक्सास होल्डेम या प्रकारात आपली दोन आणि पटावरची तीन पाने पाहून झाली. त्यांत चार पाने बदामाची आहेत आणि कलरला एक कमी आहे. न दिसलेली पाने ४७, त्यांत बदाम ९. पुढचेच पान बदाम येण्याची शक्यता १९ टक्के. मध्ये १०० रुपये असताना २० मागितले जात असतील, तर भाव २० भागिले १२०, म्हणजे जवळजवळ १७ टक्के, द्यावेत. ५० मागितले, तर भाव ३३ टक्के, सोडावे. पान तेच, आशाही तीच, पण एकदा उत्तर 'हो' आणि एकदा 'नाही'. १६५४ साली पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी, अर्धवट राहिलेल्या डावाचे पैसे कसे वाटावेत यावर एकमेकांना पत्रे लिहिली, आणि त्यांतून संभाव्यतेच्या शास्त्राला आकार आला. या शास्त्राचा उगम जुगाराच्या पटावर आहे, हे आपल्या प्राध्यापकांना सांगितले तर ते रागावणार नाहीत अशी आशा आहे.

या त्रैराशिकाने मी माझा शेवटचा डाव पुन्हा तपासला, आणि जे दिसले ते मला अपेक्षित नव्हते. शेवटी शो मागताना मध्ये ३८० रुपये होते आणि मी ४० दिले. भाव ४० भागिले ४२०, म्हणजे साडेनऊ टक्के. मामांकडे लहान जोडी असण्याची दहा टक्के जरी शक्यता असली, तरी तो शो महाग नव्हता. ज्या चालीबद्दल मी महिनाभर स्वतःला दोष देत होतो, ती चूक नव्हतीच! चूक त्याच्या आधीच्या तीन चालींत होती. मामांनी पहिले २० टाकले तेव्हाच मी २० देऊन शो मागू शकत होतो. मी १४० रुपये जास्तीचे घातले. दोघेच उरल्यावर माझ्या ४० समोर मामांचे ४० येतात, म्हणजे वाढवलेल्या प्रत्येक पैशाला बरोबरीचाच भाव मिळतो. तिथे जिंकण्याची शक्यता निम्म्याहून अधिक हवी. थोडक्यात, शो मागायला दहा टक्के पुरतात, पण पैसे वाढवायला पन्नासाच्या वर लागतात. हा फरक मला ठाऊक नव्हता.

समोरचा माणूस

"माझ्याकडे तर ८९ टक्के होते," असे कुणी म्हणेल. मामांच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. ८९ टक्के हे अनोळखी हाताविरुद्ध. पण पाने पाहून चाल देणारा माणूस अनोळखी राहत नाही. तो आपल्या पानांबद्दल काहीतरी सांगत असतो. समजा, मामा जोडी किंवा त्याहून मोठे पान असेल तरच खेळतात. मग २२,१०० हात सोडून द्यायचे आणि फक्त ५,६६० पाहायचे. त्यांत राजांच्या खालच्या जोड्या ३,१६८, म्हणजे ५६ टक्के. आणि समजा, मामा चार-चार चाली फक्त कलर किंवा त्याच्या वरच्या पानांवरच लावतात. मग १,९१६ हात उरतात आणि त्यांतला प्रत्येक हात माझ्या वरचा. माझी शक्यता शून्य!

८९, ५६ आणि शून्य. माझ्या हातातली पाने एकदाही बदलली नाहीत. बदलली ती समोरच्याविषयीची माहिती. आणि मामा रोज हिशेबात चुका शोधणारा सावध माणूस आहे, हे त्या ओसरीवर मी सोडून सर्वांना ठाऊक होते.

कायद्याच्या दृष्टीने हा प्रश्न न्यायालयापुढेही आलेला आहे. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने सत्यनारायण खटल्यात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले, कारण तिथे पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात. आणि फ्लश, ब्रॅग अशा नावांनी चालणारा तीन पानांचा खेळ हा निव्वळ नशिबाचा आहे, असे म्हटले. पाने नशिबाने येतात, यात शंका नाही. तरी चाल द्यायची, शो मागायचा की पाने टाकायची, हे ठरवतो माणूस. नशिबाचा भाग आपल्या हाती नाही, म्हणून निर्णयाचाही भाग हाती नाही असे मानले, की आपण आपल्या चुका नशिबाच्या खात्यावर लिहायला मोकळे होतो.

नळाची शिकवणी

संस्कृतच्या तासाला नलोपाख्यान शिकताना या साऱ्याचे एक मूळ मला आपल्याच प्रदेशात सापडले. महाभारताच्या वनपर्वातला नळ पुष्कराशी द्यूत खेळून राज्य घालवतो, दमयंतीला अरण्यात टाकून जातो आणि बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. दमयंतीच्या स्वयंवराची वार्ता ऐकून दोघे विदर्भाकडे निघतात. वाटेत एक बेहड्याचे झाड लागते. ऋतुपर्ण त्याकडे नुसते पाहून सांगतो की, या दोन फांद्यांवर पाने पाच कोटी आणि फळे २,०९५. नळ रथ थांबवतो, झाड तोडून फळे मोजतो, आणि आकडा बरोबर निघतो! ऋतुपर्ण म्हणतो की त्याला फाशांचे मर्मही ठाऊक आहे आणि गणनाही. मग नळ त्याला अश्वविद्या देतो आणि त्याच्याकडून ही विद्या घेतो. ती घेताच नळाच्या शरीरात दडलेला कली बाहेर पडतो.

बेहड्याचीच फळे त्या काळी फासे म्हणून वापरीत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसाव्या सूक्तात याच फाशांनी घर गमावलेला जुगारी आपली व्यथा सांगतो. तेव्हा फाशांच्या झाडाखालीच मोजण्याची विद्या दिली जावी, यात कवीची केवढी दृष्टी आहे! अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठी कौंडिण्यपूर आहे. दमयंतीचे कुंडिनपूर ते हेच, असे परंपरा मानते. या वाटेवर नळाला मिळालेला पहिला धडा गणिताचा होता. नळ मोजायला शिकला आणि कली गेला. कथेचा हा अर्थ मला त्या तासाला फार पटला. आता वाटते की तो अपुरा होता.

अर्धा हिशेब

या लेखाचे खरे कारण इथे येते. वसतिगृहातल्या माझ्या खोलीत यवतमाळकडचा एक मित्र राहत असे. वर दिलेले आकडे मी एका मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावले होते. त्याने ते उतरवून घेतले, पोकरचे आकडे स्वतः शोधले आणि तो मोबाइलवर पैसे लावून पोकर खेळू लागला. तो माझ्याहून हुशार होता. भाव काढायला त्याला दोन सेकंद लागत. आरंभी तो जिंकलाही. मग हरू लागला. कापूस विकून वडिलांनी पाठवलेले पैसे गेले, मित्रांकडून घेतलेले गेले. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला तो बसलाच नाही. एका सकाळी ट्रंक घेऊन गावी गेला. जाताना भिंतीवरच्या कागदाकडे पाहून म्हणाला, "आकडे तर सगळे बरोबर होते रे."

आकडे बरोबरच होते. पण मी त्याला अर्धाच हिशेब दिला होता. उरलेला अर्धा असा.

पहिली गोष्ट नाल. अड्डा चालवणारा प्रत्येक डावातून आपला हिस्सा काढतो, त्याला नाल म्हणतात. मोबाइलवरची कंपनीही तेच करते. समजा, सहा जण प्रत्येकी हजार रुपये घेऊन बसले. डावात सरासरी ६० रुपये पडतात आणि नाल पाच टक्के, म्हणजे तीन रुपये. तीन रुपये कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. पण रात्रीतून शंभर डाव झाले तर तीनशे, आणि वीस रात्रींत सहा हजार. सहाही जणांनी आणलेले सारे पैसे! त्यांच्यापैकी कोण किती हुशार, हा प्रश्नच उरत नाही. आमच्या ओसरीवर नाल नव्हती, तिथे माझे गेले ते मामांना मिळाले. नाल असलेल्या जागी जिंकायचे तर नुसते इतरांहून चांगले खेळून भागत नाही. नालेला पुरून उरेल इतके चांगले खेळावे लागते. आणि समोर बसलेलेही तेच आकडे पाठ करून आलेले असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे गेलेले पैसे. मध्ये पडलेली रक्कम भाव काढताना मोजायची, पण ती आपली म्हणून नव्हे. "माझे दोनशे त्यात आहेत, आता कसा सोडू?" या वाक्याला त्रैराशिकात जागा नाही. माझा मित्र एका डावात हे कधी विसरत नसे; पण महिन्याच्या हिशेबात रोज विसरत असे. हरलेले भरून काढण्यासाठी तो पैज दुप्पट करी. दहा, वीस, चाळीस असे करत सलग सहा वेळा हरले, की ६३० रुपये जातात आणि सातव्यांदा ६४० लागतात, तेही पहिले दहा मिळवण्यासाठी! निम्म्या शक्यतेच्या खेळात सलग सहा वेळा हरणे चौसष्टांतून एकदा घडते. जो रोज शेकडो डाव खेळतो, त्याला ते 'एकदा' कितीदा भेटत असेल?

तिसरी गोष्ट आकड्यांत येतच नाही. टक्केवारी सांगते की ही पैज स्वस्त की महाग. जे पैसे लावतो ते लावण्याजोगे आहेत की नाहीत, हे ती सांगत नाही. माझ्या परीक्षेच्या अर्जाचे आणि त्याच्या वडिलांच्या कापसाचे पैसे त्रैराशिकात सारखेच दिसतात, वीस म्हणजे वीस. हे मी भिंतीवर लिहिले नव्हते.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. खेळ नशिबाचा की कौशल्याचा, हा भेद त्यात ठेवलेला नाही. माझ्या मित्राला तो उशिरा आला. आणि ओसरीवरच्या जुगाराला तर १८८७ पासूनचा कायदा आहेच. पोळ्याच्या रात्री त्याची आठवण कुणाला होत नाही, एवढेच.

नळाची गोष्ट मी पुन्हा वाचली. विद्या मिळाल्यावर नळ पुष्कराला आव्हान देतो, एकाच डावात सारे राज्य परत मिळवतो, आणि तिथे थांबतो. हरलेल्या पुष्करालाही तो सन्मानाने घरी पाठवतो. मी ज्याला शेवट समजत होतो, ती फळांची मोजदाद ही शिकवणीची सुरुवात होती. थांबणे हा तिचा दुसरा भाग.

मागच्या पोळ्याला आजोळी गेलो तेव्हा मामांनी सतरंजी टाकली आणि मला हाक मारली. आम्ही चिंचोके लावून खेळलो. मामांनी तीन चाली लावल्या. मी माझी एक्क्यांची जोडी टाकून दिली. मामांनी आपली पाने दाखवली नाहीत, नुसते हसले. ती थाप होती की कलर, हे मला अजून ठाऊक नाही. भिंतीवरचा कागद मी काढलेला नाही. त्याच्या खाली वरील तीन गोष्टी लिहिल्या आहेत, आणि त्याचीच एक प्रत यवतमाळला पत्राने पाठवली आहे. उत्तराची वाट पाहत आहे.